५०० वॅटच्या स्पॉटमध्ये १००० वॅटचा लॅम्प: घालावा का?

विंगेतला_विनू
नमस्कार मंडळी. आमच्या तालुक्याच्या गावी नगरपालिकेचं नाट्यगृह आहे. आमची हौशी संस्था तिथेच तालमी करते आणि तिथूनच राज्य नाट्य स्पर्धेला जाते. समोरच्या बाजूला बारा स्पॉट आहेत, सगळे पीसी (एका बाजूने फुगीर भिंगाचे), प्रत्येकी ५०० वॅटचे. दिग्दर्शकाचं म्हणणं, नटांचे चेहरे मागच्या रांगेतून दिसतच नाहीत. निळं जिलेटीन (दिव्यापुढचा रंगीत पारदर्शक कागद) लावलं की रंगमंचावर अमावस्या. नवे दिवे घ्यायला पैसे नाहीत. दुकानदार सांगतो, आहे त्याच दिव्यांत १००० वॅटचे हॅलोजन लॅम्प टाका, काम झालं. तसं केलं तर चालतं का? काय काय बदलावं लागेल?

नेपथ्यवाली
आधी माहिती द्या, मग सल्ला. दिव्याच्या पाठीवरच्या पट्टीवर काय लिहिलंय? होल्डर कोणता? डिमर (उजेड कमी-जास्त करणारा) केवढा आणि त्याच्या एका चॅनेलवर किती दिवे? केबल किती जाडीची? दिवे टांगलेल्या पाईपपासून नट किती लांब उभा राहतो?

विंगेतला_विनू
ताई, आज शिडी लावून बघून आलो. पट्टीवर 'कमाल ५०० वॅट'. दोन दिव्यांच्या पट्ट्याच गायब. होल्डर जीवाय ९.५ जातीचा. डिमरचं पॅक सहा चॅनेलचं, दर चॅनेलला २ किलोवॅट, आणि एका चॅनेलवर दोन दिवे. केबल एक स्क्वेअर एमएम, डिमरपासून दिव्यापर्यंत साधारण २५ मीटर. पाईप बाल्कनीच्या कडेला, तिथून नट ९ मीटरवर. हॉलला थ्री फेज आहे, पण डिमर पूर्ण एकाच फेजवर टाकलेला दिसतो.

बाप्पा_लाईट्स
विनू, घाबरू नकोस. आम्ही गावोगाव दौरे केले तेव्हा पाचशेच्या डब्यात हजारचाच लॅम्प असायचा. मागचं झाकण थोडं उघडं ठेवायचं, हवा खेळती राहते. काही होत नाही. पुस्तकं वाचून लाईट करायला लागलं तर नाटक उभं राहायचं नाही.

टाँगटेस्टर
बाप्पाकाका, दौऱ्यांचा आदर राखून असहमत. मी परवानाधारक वायरमन आहे, नाट्यगृहांची कामं करतो. जरा सविस्तर लिहितो.

पट्टीवरचा ५०० हा आकडा प्रकाशाचा नाही, उष्णतेचा आहे. हॅलोजन लॅम्प जेवढी वीज खातो त्यातला फारच थोडा भाग दिसणारा प्रकाश होतो, बाकी सगळी उष्णता. डब्याचा आकार, वरच्या झरोक्यांची रुंदी, भिंगापासून लॅम्पचं अंतर, आतल्या तारांचं आवरण, सगळं पाचशे वॅटची उष्णता बाहेर टाकण्याच्या बेताने केलेलं असतं. दुप्पट ओतली तर पहिला बळी पत्र्याचा जात नाही, लॅम्पचाच जातो.

लॅम्पच्या तळाशी काच चेपून बंद केलेली असते, ती नीट बघा. त्या चेपलेल्या भागात मॉलिब्डेनमची पातळ पट्टी असते, तिच्यातून वीज आत जाते. तो भाग ३५० अंश सेल्सिअसच्या वर गेला की पट्टी गंजायला लागते, फुगते आणि काच तडकते. लहान डब्यात मोठा लॅम्प घातल्यावर तो भाग त्या मर्यादेच्या वर जायला वेळ लागत नाही. मग लॅम्प महिन्याभरात जातो आणि आपण कंपनीला शिव्या घालतो. झाकण उघडं ठेवलं तर प्रकाश भलतीकडे सांडतो, आणि लॅम्प फुटला तर तापलेली काच खाली नटावर. ते झाकण त्यासाठीच तर असतं.

दुसरं होल्डरचं. ५०० आणि ६५० वॅटचे लॅम्प जीवाय ९.५ वर येतात, १००० वॅटचे बहुतेक जीएक्स ९.५ वर. दोन्हीत पिनांमधलं अंतर तेच, म्हणून लोकांना वाटतं बसेल. पिना वेगळ्या असतात. मग कोणी होल्डरला कानस मारतो, कोणी लॅम्प दाबून बसवतो. सैल बसलेल्या पिनेत ठिणगी पडते, पीन काळी होते, आणि त्या काळ्या होल्डरमध्ये घातलेला नवा लॅम्पही लवकरच जातो.

आणि एवढं करून प्रकाश तरी दुप्पट मिळतो का? पाचशेच्या लॅम्पमध्ये तळापासून तंतूपर्यंत ४६.५ मिलिमीटर असतात, हजारच्यात साधारण ५५. म्हणजे तंतू जवळपास एक सेंटिमीटर वर सरकतो. आरसा आणि भिंग जुन्याच जागी. आरशाचा मध्य चुकतो, झोत फाटतो, एका कडेला डाग पडतो. बिल हजारचं, उजेड सातशेचा.

मांडवीकर
टाँगटेस्टर, एकदम बरोबर. आमच्या गोव्यात जत्रेच्या नाटकांना देवळासमोरच्या मांडवात हेच उद्योग चालतात, आणि वर कापडाचं छत! दिवा आणि कापड यांत वीतभर अंतर ठेवतात. पट्टीवर वॅटच्या शेजारी दुसरा एक आकडा असतो, जळणाऱ्या वस्तूपासून किमान अंतराचा. तो कोणी वाचतच नाही. वॅट वाढवले तर ते अंतरही वाढणार, मग तो आकडा उपयोगाचा राहत नाही.

बाप्पा_लाईट्स
पिना काळ्या होऊन लॅम्प जायचे हे खरं. पण तेव्हा लॅम्प स्वस्त होते. बरं, हजारचा राहू दे. साडेसहाशेचा चालेल की नाही? तो तर त्याच होल्डरवर बसतो.

टाँगटेस्टर
होल्डरवर बसतो म्हणून चालतो असं नाही. काही कंपन्यांच्या एकाच डब्यावर '५००/६५०' असं छापलेलं असतं, तिथे बिनधास्त घाला. विनूच्या पट्टीवर ५०० आहे, म्हणजे ५००. आणि ज्या दोन दिव्यांच्या पट्ट्या गेल्यात ते पाचशेपेक्षा कमीचे समजून चाला, जोपर्यंत तसाच दुसरा दिवा पट्टीसकट सापडत नाही.

नेपथ्यवाली
मी प्रकाशयोजनेच्या बाजूने बोलते. डोळा प्रकाश सरळ हिशेबाने मोजत नाही. दुप्पट उजेड टाकला तरी प्रेक्षकाला 'थोडा वाढला' एवढंच वाटतं. त्यामुळे वॅट दुप्पट करण्यात जेवढा धोका आहे त्या मानाने पदरात फार कमी पडतं. तेवढाच फरक दुसऱ्या रस्त्यांनी, बहुधा फुकटात, मिळतो.

अंतराचा रस्ता सगळ्यात मोठा. अंतर कमी झालं की उजेड वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ९ मीटरवरून ६.४ मीटरवर आलात तर तोच लॅम्प, तोच डिमर, आणि उजेड दुप्पट. अर्थात जवळ आल्यावर झोत लहान होतो आणि कोन बदलतो. फार उभा कोन झाला तर डोळ्यांच्या खोबणीत सावली पडते आणि नट कवटीसारखा दिसतो. म्हणून थेट डोक्यावर आणू नका, बाजूच्या भिंतींवरून तिरके आणा.

मग जिलेटीन. लोक गडद निळा लावतात आणि वॅट वाढवायला धावतात. काँगो ब्लूमधून जेमतेम एक टक्का उजेड बाहेर येतो. त्याच्यामागे दोन हजार वॅट लावले तरी अमावस्याच. रात्र दाखवायची तर फिकट निळा घ्या, आणि समोरून नाही, मागून किंवा बाजूने द्या. समोरून फक्त चेहऱ्यापुरता साधा उजेड, तोही कमी. प्रेक्षक ती रात्र मान्य करतात. शिवाय गडद जिलेटीन प्रकाश अडवतं म्हणजे उष्णता पोटात घेतं. वॅट वाढवल्यावर ते तासाभरात पांढरं पडतं, मधोमध भोक पडतं.

झिरो_बल्ब
भिंगं पुसली का शेवटची कधी? विचारून ठेवतो.

मांडवीकर
हा हा, झिरो_बल्ब नेमकं बोलले. आमच्याकडे खारी हवा, आरशांवर पांढुरका थर बसतो. दिवा पूर्ण थंड झाल्यावर भिंग काढा, साबणाच्या कोमट पाण्याने धुवा, कोरडं करून बसवा. आरसा मात्र मऊ कोरड्या कापडाने. पितळ चमकवायची पेस्ट आरशाला चुकूनही लावू नका, त्यावरचा संरक्षक थर निघून जातो आणि मग तो कायमचा मंद. लॅम्पची काच बोटांनी धरू नका हे सगळ्यांना माहीत असेलच, घामाचा डाग तापून काच तिथेच फुगते.

न्यूजर्सीचा_नाना
इथल्या आमच्या मराठी मंडळाच्या हॉलने जुने दिवे काढायला काढलेत. सोर्स फोर जातीचे, फुकट मिळतील. विनूला पाठवायची व्यवस्था होऊ शकेल. त्यात ५७५ वॅटचा लॅम्प असतो आणि उजेड जुन्या हजारच्या तोडीचा पडतो. हे चालतील का? इथला पुरवठा १२० व्होल्टचा, म्हणून विचारतो.

टाँगटेस्टर
नाना, चालतील, आणि हाच खरा 'जास्त उजेड, कमी वॅट' रस्ता आहे. सोर्स फोर १९९२ मध्ये आला तोच त्यासाठी. त्याचा एचपीएल लॅम्प आणि आरसा एकमेकांसाठी बनवलेत, उजेड वाया जात नाही. फक्त इथे येताना तुमचे ११५ व्होल्टचे लॅम्प पाठवू नका, २३० ला लावले की क्षणात उडतील. एचपीएल २३० व्होल्टमध्येही मिळतो, ५७५ आणि ७५० वॅट दोन्ही. दिव्याच्या ठशावर ७५० लिहिलं असेल तरच ७५० घाला. प्लग कापून आपला लावा, अर्थिंगची तार विसरू नका. एकच लक्षात घ्या, तो प्रोफाइल दिवा आहे, त्याची कड पीसीपेक्षा कडक येते. समोरच्या धूसर उजेडासाठी पुढे फ्रॉस्ट (धूसर जिलेटीन) लावावा लागेल.

विंगेतला_विनू
नानांचे आभार! ते येईपर्यंत तरी आहे त्यात भागवायचंय. एक विचारतो, हजारचे लॅम्प बसलेच असते तर केबल आणि डिमरने झेपलं असतं का? संस्थेतले काही जण अजून दुकानदाराच्या बाजूने आहेत, त्यांना सांगायला हिशेब हवा.

टाँगटेस्टर
हिशेब सोपा आहे. ५०० वॅटला २३० व्होल्टवर २.२ अँपिअर, १००० ला ४.३५. बारा दिव्यांचे आज २६ अँपिअर, उद्या ५२, आणि तुमचं सगळं एकाच फेजवर! एका चॅनेलवर हजारचे दोन दिवे म्हणजे बरोबर २ किलोवॅट, डिमर पूर्ण प्रयोगभर काठावर चालणार. पाच अँपिअरच्या जुन्या प्लगवर जोडी काढली असेल तर त्यातून पावणेनऊ अँपिअर जाणार. कोणीतरी म्हणेल, एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच) आहे ना. मोठा लोड टिकावा म्हणून लोक एमसीबीच मोठा टाकतात, मग वायर जळते आणि एमसीबी शाबूत राहतो. किटकॅट फ्यूजमध्ये जाड तार घालण्याचाच हा नवा अवतार.

आता मला तुमच्याकडून एक मोजमाप हवंय. सगळे दिवे पूर्ण लावून, पॅनेलवर व्होल्ट किती आणि दिव्याच्या कनेक्टरवर किती? मीटर ट्रू आरएमएस (डिमरनंतरचे व्होल्टही खरे दाखवणारा) घ्या, डिमर शंभर टक्क्यांवर ठेवा. हे काम नाट्यगृहाच्या इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या, चालू लाईनवर शिडीवर तुम्ही चढू नका. आणि लॅम्पवर २३० लिहिलंय की २४० तेही बघा.

विंगेतला_विनू
करून घेतलं. पॅनेलवर २२६. दिव्याजवळ २११. लॅम्पवर २४० लिहिलंय, सगळ्यांवर.

टाँगटेस्टर
मग तुमची अमावस्या सापडली!

हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो. २४० च्या लॅम्पला २११ मिळाले तर उजेड ६५ टक्क्यांच्या आसपास. तुमचा पाचशेचा दिवा एक तृतीयांश उजेड वाटेतच हरवून बसलाय, आणि तुम्ही हजारचा लॅम्प आणायला निघालात.

आता ते १५ व्होल्ट गेले कुठे? चॅनेलवर साधारण चार अँपिअर वाहतायत. एक स्क्वेअर एमएमच्या २५ मीटर केबलमध्ये, जाऊन-येऊन, जवळपास चार व्होल्ट पडतात. डिमर दीड-दोन खातो. उरलेले नऊ व्होल्ट कुठल्यातरी सैल किंवा जळक्या जोडणीत आहेत. नऊ व्होल्ट गुणिले चार अँपिअर, म्हणजे ३६ वॅट त्या एका स्क्रूभोवती जळतायत. सोल्डरिंग आयर्नची असते तेवढी उष्णता, झालरीच्या मागे, रोज.

त्यात लॅम्प दुप्पट केलात तर प्रवाह दुप्पट आणि जोडणीतली उष्णता चौपट. १४४ वॅट. दुकानदाराच्या बाजूने असलेल्या मंडळींना एवढा एकच आकडा सांगा.

बाप्पा_लाईट्स
हा हिशेब मला पटला. दौऱ्यात आम्ही प्रयोग संपला की प्लग हाताने चाचपायचो, गरम लागला की तो कापून नवा. मोजायचं यंत्र नव्हतं, हात होता.

नेपथ्यवाली
बाप्पाकाका, ती सवय आजच्या पोरांना शिकवा, मीटर असला तरी.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, शाहू महाराजांच्या काळातलं, १९१५ सालचं. त्याच्या कारणांची चर्चा इथे नको. पण त्या रात्रीनंतर आमच्या ग्रुपमध्ये प्रत्येकाने आपापल्या हॉलची वायरिंग एकदा तरी डोळ्यांनी बघितली. शिकागोच्या इरोक्वा थिएटरमध्ये १९०३ साली एका आर्क दिव्याच्या ठिणगीने पडद्याला आग लागली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. आपल्या झालरी, विंगा, सेटचं कापड, सगळं त्याच जातीचं इंधन आहे.

झिरो_बल्ब
सरळ एलईडी घ्या ना. २०० वॅटमध्ये काम होतं, गरम होत नाही, वायरिंगचा प्रश्नच मिटला.

नेपथ्यवाली
मिटत नाही, बदलतो. चांगल्या प्रतीचा २०० वॅटच्या वर्गातला एलईडी फ्रेस्नेल (मऊ कडेचा स्पॉट) खरंच जुन्या ७५०-१००० च्या जवळ जातो. पण किंमत बघा. बाजारात जे स्वस्त एलईडी पार मिळतात ते लग्नाच्या स्टेजसाठी ठीक आहेत. नटाच्या चेहऱ्यावर लावले की मेकअप राखाडी दिसतो आणि नाकाच्या बाजूला लाल-हिरव्या सावल्या. फेडआऊटला शेवटच्या टप्प्यावर ते मंद होत नाहीत, टपकन विझतात. हॅलोजन विझताना लालसर होत जातो, करुण प्रसंगात तेच हवं असतं. कॉमेडीला मला काही फरक पडत नाही.

टाँगटेस्टर
आणि एलईडी दिवा डिमरच्या चॅनेलवर कधीच लावायचा नाही, शंभर टक्क्यांवर ठेवूनसुद्धा नाही. त्याला सरळ लाईन द्यायची. हे न पाळल्याने बरेच महागडे दिवे गेलेत.

थ्री फेजवर डिमर वाटताना अजून एक. फेज कापणाऱ्या (विजेच्या लाटेचा भाग कापून उजेड कमी करणाऱ्या) डिमरमुळे तिन्ही फेज सारखे असले तरी न्यूट्रलमधला प्रवाह शून्य होत नाही, उलट अर्ध्यावर डिम केल्यावर तो फेजच्या १.३७ पटीपर्यंत जाऊ शकतो. न्यूट्रल बारीक ठेवला तर तोच आधी तापतो, आणि तुटला तर २३० च्या दिव्यांवर ४०० च्या आसपास व्होल्ट येऊ शकतात. म्हणून विनू, फेज वाटण्याचं काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच, लेखी. नाट्यगृह नगरपालिकेचं आहे, मंजूर भार किती ते आधी बघा. भार वाढवायचा तर महावितरणकडे अर्ज आणि विद्युत निरीक्षकाकडची प्रक्रिया, दोन्ही आलं. अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी (वीज गळली की लाईन तोडणारा स्विच) याच खर्चात करून घ्या.

मांडवीकर
जनरेटरवाल्यांसाठी पुरवणी. लहान जनरेटरवर डिमर भरपूर लावले की व्होल्टेज नाचतं आणि सगळे दिवे एका तालात थरथरतात. तिथे वॅट वाढवणं म्हणजे तमाशाच. जनरेटर लोडच्या बराच वरचा घ्या.

विंगेतला_विनू
बऱ्याच दिवसांनी लिहितोय. नगरपालिकेच्या इलेक्ट्रिशियनने पाईपवरचे कनेक्टर उघडले. चारांचं बेकेलाईट करपलेलं, दोन होल्डरांच्या पिना काळ्या. सगळे पोर्सेलीनचे कनेक्टर टाकले, तारांच्या टोकांना थिंबल (धातूच्या टोप्या) मारले, डिमरपासूनची केबल अडीच स्क्वेअर एमएमची केली. तीन फेजवर वाटणीचा अर्ज दिलाय, तो आपल्या गतीने चाललाय. लॅम्प ५०० चेच, पण २३० व्होल्टचे. आता दिव्याजवळ २२१ मिळतात. भिंगं धुतली, पाणी काळं निघालं (झिरो_बल्ब, तुम्हाला सलाम). सहा दिवे बाजूच्या भिंतींवर ७ मीटरवर आणले, प्रत्येकाला सेफ्टी चेन. कालच्या तालमीत दिग्दर्शक मागच्या रांगेत बसले आणि म्हणाले, आता तोंडं दिसतात, आता नीट अभिनय करा. नटमंडळी माझ्यावर नाराज आहेत.

एकच प्रश्न राहिला. पट्ट्या नसलेले ते दोन जुने दिवे उघडल्यावर आत तारांवर पांढरट, दोऱ्यासारखं विणलेलं आवरण दिसलं, हात लावला की भुगा पडतो. ते बदलून दिवे वापरात घ्यावे का?

टाँगटेस्टर
अजिबात हात लावू नका! फुंकर मारून साफही करू नका. जुन्या दिव्यांत तारांवर ॲसबेस्टॉसचं आवरण असायचं, त्याचे तंतू फुफ्फुसात गेले की बाहेर येत नाहीत. ते ॲसबेस्टॉसच आहे की काचेच्या धाग्याचं, हे नुसतं बघून सांगता येत नाही, म्हणून ॲसबेस्टॉसच समजा. दोन्ही दिवे जाड प्लास्टिकच्या पिशवीत घाला, तोंड चिकटपट्टीने बंद करा, वर मोठ्या अक्षरात लिहा आणि नगरपालिकेला लेखी कळवा. भुगा पडलेली जागा झाडू नका, ओल्या फडक्याने टिपा आणि फडकंही त्याच पिशवीत. चांगल्या दिव्याच्या आतल्या तारा बदलायच्या असतील तर सिलिकॉन किंवा टेफ्लॉनच्या आवरणाच्या घ्या. घरगुती पीव्हीसी वायर ७० अंशांपर्यंतचीच असते, लॅम्पशेजारी वितळते.

बाप्पा_लाईट्स
विनू, स्पर्धेला कुठल्या केंद्रावर आहेस? मी येतो बघायला. टेस्टर माझा घेऊन येईन.